मालक बदलतो, अटी राहतात
डहाणू-तलासरीतील उद्योगांचे हस्तांतर आणि कायदेशीर मदतीची गरज

मुंबईच्या उपनगरांना वीज पुरविण्यासाठी उभारलेल्या डहाणू औष्णिक विद्युत केंद्राच्या फाटकावरील नाव गेल्या तीन दशकांत वारंवार बदलले. बीएसईएस, रिलायन्स एनर्जी, रिलायन्स इन्फ्रास्ट्रक्चर, अदानी इलेक्ट्रिसिटी अशी ही नामावली आहे. अडीचशे मेगावॉटचे दोन संच मात्र तेच राहिले, शेजारची खाडी तीच राहिली, आणि १९८९ साली या केंद्राला पर्यावरणविषयक मंजुरी देताना घातलेल्या अटीही त्याच राहिल्या. उद्योगाचे विलीनीकरण किंवा अधिग्रहण म्हणजे नेमके काय विकत घेणे, हे समजून घ्यायचे असेल तर या केंद्राच्या इतिहासाइतके बोलके उदाहरण महाराष्ट्रात क्वचितच सापडेल.

कंपन्यांच्या खरेदी-विक्रीची चर्चा सहसा समभागांचा भाव, करांचा बोजा आणि बँकांची कर्जे यांभोवती फिरते. मुंबईतील मोठ्या विधी संस्थांचे कामही बहुतांशी याच प्रश्नांचे असते. डहाणू आणि तलासरी तालुक्यांत पाऊल ठेवताच त्यात दोन प्रश्नांची भर पडते. कारखाना कोणत्या अटींवर उभा आहे, आणि तो ज्या जमिनीवर उभा आहे ती मुळात कोणाची होती? या प्रश्नांची उत्तरे कंपनीच्या ताळेबंदात सापडत नाहीत. ती प्राधिकरणाच्या आदेशांत, न्यायालयाच्या निकालांत आणि तलाठ्याच्या दप्तरात शोधावी लागतात.

एका अटीचा अठरा वर्षांचा प्रवास

बॉम्बे सबअर्बन इलेक्ट्रिक सप्लाय ही कंपनी १९२९ साली स्थापन झाली. पुढे ती बीएसईएस या नावाने ओळखली जाऊ लागली. तिच्या डहाणू येथील नियोजित केंद्राला स्थानिक बागायतदार आणि पर्यावरणवादी संघटनांनी विरोध केला. चिकूच्या बागा, मासेमारी आणि वारली वस्ती असलेल्या या पट्ट्यात कोळशावर चालणारे केंद्र नको, असा त्यांचा आग्रह होता. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. मार्च १९९१ मध्ये न्यायालयाने केंद्राची मंजुरी रद्द करण्यास नकार दिला. मात्र धुरातील गंधकाची संयुगे काढून टाकणारी यंत्रणा बसविण्याच्या अटीकडे काणाडोळा होऊ नये, अशी भूमिका घेतली. त्याच वर्षी २० जूनला केंद्र सरकारने अधिसूचना काढून डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक क्षेत्र म्हणून घोषित केला.

या अधिसूचनेची अंमलबजावणी होत नसल्याची तक्रार घेऊन बिट्टू सेहगल सर्वोच्च न्यायालयात गेले. ३१ ऑक्टोबर १९९६ रोजी न्यायालयाने निवृत्त न्यायमूर्तींच्या अध्यक्षतेखाली स्वतंत्र प्राधिकरण नेमण्याचा आदेश दिला. त्यानुसार त्याच वर्षी डिसेंबरमध्ये डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण अस्तित्वात आले. मुंबई उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांनी त्याचे अध्यक्षपद दीर्घकाळ सांभाळले.

वीज केंद्र १९९५ मध्येच सुरू झाले होते. गंधक काढणारी यंत्रणा मात्र बसली नव्हती. १९९९ साली प्राधिकरणाने ती बसविण्याचा आदेश दिला. वाद न्यायालयात गेला, वर्षे उलटत राहिली. दरम्यान २००३ च्या प्रारंभी बीएसईएसचे व्यवस्थापन रिलायन्स समूहाकडे आले आणि २००४ साली कंपनीचे नाव रिलायन्स एनर्जी झाले. नव्या मालकाने कंपनी घेतली ती मुंबईच्या उपनगरांतील लाखो वीजग्राहकांसाठी. त्यांच्याबरोबर डहाणूची ही न पाळलेली अटही आली. प्राधिकरणाने यंत्रणेच्या पूर्ततेसाठी तीनशे कोटी रुपयांची बँक हमी मागितली तेव्हा ती बीएसईएसच्या जुन्या मालकांकडे नव्हे, तर रिलायन्स एनर्जीकडे मागितली. समुद्राच्या पाण्याचा वापर करणारी ही यंत्रणा अखेर २००७ मध्ये सुरू झाली. म्हणजे १९८९ साली एका व्यवस्थापनाने मान्य केलेली अट अठरा वर्षांनी दुसऱ्याने पुरी केली.

यात कायद्याच्या दृष्टीने नवल असे काही नाही. समभाग विकले गेले तरी कंपनी ही कायद्याने तीच व्यक्ती राहते. भागधारक बदलतात, तिची कर्तव्ये बदलत नाहीत. तथापि, अधिग्रहणाच्या वाटाघाटींत हे साधे तत्त्व आश्चर्य वाटावे इतक्या सहजतेने विसरले जाते. तीनशे कोटींची हमी देण्याची वेळ आली की मगच ते आठवते.

दुसरे हस्तांतर

या केंद्राचे त्यानंतरचे हस्तांतर अधिक गुंतागुंतीचे आणि म्हणून अधिक उद्बोधक आहे. रिलायन्स इन्फ्रास्ट्रक्चरला कर्जाचा भार हलका करण्यासाठी मुंबईचा वीज व्यवसाय विकायचा होता. पण त्याच कंपनीत रस्ते, मेट्रो आणि इतर कामेही होती. संपूर्ण कंपनी विकणे शक्य नव्हते. म्हणून वीजनिर्मिती, पारेषण आणि वितरणाचा व्यवसाय प्रथम न्यायालयाच्या संमतीने एका उपकंपनीकडे वळविण्याचा मार्ग निवडण्यात आला. या उपकंपनीचे सर्व समभाग घेण्याचा करार अदानी ट्रान्समिशनने डिसेंबर २०१७ मध्ये केला. एकूण व्यवहार सुमारे १८,८०० कोटी रुपयांचा होता.

वीज परवानाधारक कंपनीचे हस्तांतर नियामकाच्या पूर्वमंजुरीवाचून होत नाही. वीज कायदा, २००३ च्या कलम १७ मध्ये तशी तरतूद आहे. जून २०१८ मध्ये महाराष्ट्र वीज नियामक आयोगाने मान्यता दिली आणि २९ ऑगस्ट २०१८ रोजी व्यवहार पूर्ण झाला. उपकंपनीचे नाव अदानी इलेक्ट्रिसिटी मुंबई असे झाले. २०२० साली कतारच्या सार्वभौम गुंतवणूक संस्थेने तिच्यात २५.१ टक्के हिस्सा घेतला. २०२४ मध्ये डहाणू केंद्र वितरण व्यवसायापासून वेगळे करून नॉर्थ महाराष्ट्र पॉवर लिमिटेडकडे देण्याचा व्यवहार जाहीर झाला.

म्हणजे एकाच केंद्राच्या बाबतीत हस्तांतराचे तीनही प्रमुख प्रकार पाहायला मिळतात. कंपनीवरील ताबा बदलणे हा पहिला. न्यायालयीन योजनेद्वारे व्यवसाय एका कंपनीतून दुसरीत नेणे हा दुसरा. चालता व्यवसाय एकरकमी मोबदल्यात विकणे, ज्याला व्यापारी भाषेत ‘स्लम्प सेल’ म्हणतात, तो तिसरा. पहिल्या प्रकारात परवाने कंपनीच्याच नावावर राहतात. उरलेल्या दोहोंत ते नव्या नावावर करून घ्यावे लागतात. पर्यावरणीय आघात मूल्यांकनाच्या २००६ च्या अधिसूचनेनुसार पर्यावरणविषयक मंजुरी दुसऱ्या कायदेशीर व्यक्तीच्या नावे करता येते, पण मूळ ज्या अटींवर ती दिली त्याच अटींवर. प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीपत्राचेही नूतनीकरण करून घ्यावे लागते. मार्ग कोणताही निवडा, अटींपासून सुटका नाही. फरक पडतो तो कागदपत्रांच्या संख्येत आणि करांत.

छोट्या कारखानदाराचे काय?

डहाणूतले सगळेच व्यवहार हजारो कोटींचे नसतात. रबरी फुगे बनविणारे छोटे कारखाने ही या गावाची जुनी ओळख आहे. तलासरीत मुंबई-अहमदाबाद महामार्गालगत गुजरातच्या सीमेपर्यंत लहान-मध्यम उद्योग विखुरलेले आहेत. अशा ठिकाणी दुसरी-तिसरी पिढी व्यवसायात येत नाही, बाहेरचा उद्योजक जागा शोधत असतो आणि बोलणी सुरू होतात.

या व्यवहारांना स्पर्धा आयोगाची दारे सहसा ठोठवावी लागत नाहीत. ज्या उद्योगाची मालमत्ता ४५० कोटींपेक्षा किंवा उलाढाल १,२५० कोटींपेक्षा अधिक नाही, त्याच्या अधिग्रहणाला २०२४ पासून सामान्यतः सूट आहे. दोन हजार कोटींहून मोठ्या मोबदल्याच्या व्यवहारांना सप्टेंबर २०२४ पासून निराळी कसोटी लागू झाली. तिचा इथल्या कारखानदाराशी संबंध येण्याचा संभव कमी. दोन छोट्या कंपन्यांना विलीन व्हायचे असेल तर कंपनी कायदा, २०१३ च्या कलम २३३ खाली राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाकडे न जाता प्रादेशिक संचालकांच्या मंजुरीने काम होऊ शकते. मात्र त्यासाठी नव्वद टक्के समभागांची आणि कर्जाच्या मूल्याच्या नऊ-दशांश धनकोंची संमती लागते. नेहमीच्या मार्गात, म्हणजे कलम २३० ते २३२ खाली, मूल्याच्या तीन-चतुर्थांश बहुमत पुरते. भागीदारी पेढी मात्र या योजनेत थेट बसत नाही. तिचे आधी कंपनीत रूपांतर करावे लागते किंवा व्यवसाय सरळ विकावा लागतो. पिढीजात पेढ्यांच्या बाबतीत सल्लागाराचा निम्मा वेळ यातच जातो, कारण भागीदारीचे मूळ करारपत्र, निवर्तलेल्या भागीदारांचे वारस आणि बँकेतील सह्या यांचा मेळ बसलेला नसतो.

सीमेलगतच्या तलासरीत आणखी एक गोष्ट संभवते. कारखाना महाराष्ट्रात आणि कंपनीचे नोंदणीकृत कार्यालय उंबरगाव किंवा वापी येथे. अशा वेळी योजनेचा अर्ज कोणत्या पीठापुढे करायचा हे नोंदणीकृत कार्यालयावरून ठरते, पण मुद्रांक शुल्काचा प्रश्न दोन्ही राज्यांत उभा राहतो. विलीनीकरणाचा आदेश हा हस्तांतराचा दस्तऐवजच आहे आणि त्यावर शुल्क द्यावेच लागेल, हे टाटा ऑइल मिल्स आणि हिंदुस्थान लिव्हर यांच्या विलीनीकरणातून उद्भवलेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००३ साली स्पष्ट केले. तो वाद महाराष्ट्राच्याच मुद्रांक कायद्याचा होता.

खरेदीदाराला सर्वांत महाग पडणारी चूक मात्र निराळीच असते: विस्तार गृहीत धरण्याची. १९९१ च्या अधिसूचनेने डहाणू तालुक्यातील उद्योगांची हिरवी, नारिंगी आणि लाल अशी वर्गवारी केली. लाल गटातील उद्योगांना तालुक्यात मज्जाव आहे. अनुज्ञेय उद्योगांसाठीही एकूण पाचशे एकरांची कमाल मर्यादा घालण्यात आली. मूळ अधिसूचनेत तालुक्याच्या सीमेभोवती २५ किलोमीटरच्या पट्ट्याची तरतूद होती. १९९९ साली तिच्यात दुरुस्त्या झाल्या. तलासरी हा डहाणूला लागून असल्याने तेथील जागेबाबतही दुरुस्तीसह अधिसूचना काळजीपूर्वक वाचणे भाग आहे. आज हिरव्या गटात सुरू असलेला कारखाना घेऊन उद्या तेथे रसायननिर्मिती सुरू करू, अशा हिशेबाने मोजलेली किंमत म्हणजे फसगत होय. विक्रेता खोटे बोललेला नसतो. त्याने फक्त आपल्या कारखान्याविषयी सांगितलेले असते.

सात-बारावरील ‘इतर हक्क’

जमिनीचा प्रश्न याहून जुना आणि अधिक नाजूक आहे. डहाणू आणि तलासरी हे दोन्ही तालुके संपूर्णपणे अनुसूचित क्षेत्रात येतात. सावकार आणि जमीनदारांनी वारली कुटुंबांच्या जमिनी कशा गिळंकृत केल्या, वेठबिगारी कशी लादली, आणि त्याविरुद्ध १९४५ च्या मे महिन्यात आजच्या तलासरी तालुक्यातील झरी गावी हजारो वारली कसे एकत्र आले, हा इतिहास गोदावरी परुळेकर यांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकामुळे मराठी वाचकाला परिचित आहे. आजच्या जमीन कायद्यातील कडक बंधनांमागे हा इतिहास उभा आहे.

महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ३६ आणि ३६-अ नुसार आदिवासी खातेदाराची जमीन बिगर-आदिवासीला विकता, बक्षीस देता, अदलाबदल करता किंवा गहाण ठेवता येत नाही. पाच वर्षांपर्यंतच्या भाडेपट्ट्याला किंवा गहाणाला जिल्हाधिकाऱ्यांची मंजुरी लागते. इतर हस्तांतराला जिल्हाधिकाऱ्यांच्या मंजुरीआधी राज्य शासनाची मान्यता आवश्यक असते. २०१६ साली राज्यपालांच्या अधिसूचनेने अनुसूचित क्षेत्रात ग्रामसभेच्या पूर्वसंमतीचीही भर पडली. १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात झालेल्या हस्तांतरांसाठी जमिनी परत देण्याचा स्वतंत्र कायदा आहे. त्याची वैधता सर्वोच्च न्यायालयाने १९८४ साली मान्य केली. त्यानंतरच्या बेकायदा व्यवहारांत जिल्हाधिकारी व्यवहार अवैध ठरवू शकतात, जमीन शासनजमा होऊ शकते आणि मूळ आदिवासी कुटुंबाला ती कसण्यासाठी परत देता येते.

कंपनीच्या समभागांची खरेदी झाली तर जमिनीचे हस्तांतर होत नाही, म्हणून परवानगीचा प्रश्नच येत नाही, असा युक्तिवाद नेहमी केला जातो. तो अर्धाच खरा आहे. आजच्या व्यवहाराला परवानगी लागणार नाही, हे खरे. परंतु तीस-चाळीस वर्षांपूर्वी त्याच कंपनीने ती जमीन विनापरवानगी घेतली असेल, तर तो दोष समभागांच्या नव्या मालकाने कितीही किंमत मोजली तरी धुऊन निघत नाही. शेजारच्या पालघर तालुक्यातील तारापूर वसाहतीत जमीन औद्योगिक विकास महामंडळाच्या भाडेपट्ट्याची असते. तेथे प्रश्न महामंडळाच्या संमतीचा आणि हस्तांतर शुल्काचा. इथे मात्र दर गट क्रमांकाचा इतिहास निराळा.

म्हणून या भागातील कायदेशीर छाननी चालू सात-बारावर थांबत नाही. ‘इतर हक्क’ या रकान्यातील कलम ३६-अ किंवा कुळकायद्याच्या कलम ४३ ची नोंद, तिच्यामागचे सर्व फेरफार, बिनशेती आदेश आणि त्यातील अटी हे सारे किमान १९५७ पर्यंत मागे जाऊन पाहावे लागते. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी अस्तित्वात आला. त्यापूर्वीचे जिल्हास्तरीय आदेश ठाण्याहून निघालेले आहेत. मुंबईच्या विधी संस्थेने पाठविलेली प्रश्नावली या कामाला पुरत नाही. महसुली दप्तर वाचू शकणारा स्थानिक वकील, कंपनी सचिव आणि सनदी लेखापाल असे तिघे एकत्र बसले तरच चित्र पुरे होते.

छाननीत सापडलेल्या दोषांचे पुढे काय करायचे, हे करारात ठरते. विक्रेता लेखी हमी देतो. हमी खोटी ठरल्यास भरपाईचे कलम असते. मोबदल्याचा काही भाग ठराविक काळ तिऱ्हाइताकडे, बहुधा बँकेत, अडकवून ठेवला जातो. त्याचे प्रमाण आणि मुदत यांवरच खरी रस्सीखेच होते. डहाणूसारख्या ठिकाणी ही मुदत नेहमीच्या एक-दोन वर्षांची ठेवणे धाडसाचे आहे. वीज केंद्राच्या अटीची पूर्तता व्हायला अठरा वर्षांचा काळ गेला होता.

कामगार आणि खातेदार

व्यवहाराच्या मेजाभोवती न बसलेल्यांचाही विचार कायद्याने केला आहे. उपक्रमाचे हस्तांतर होताना कामगारांची सेवा खंडित होऊ नये, सेवाशर्ती पूर्वीपेक्षा कमी दर्जाच्या असू नयेत आणि जुन्या सेवेची जबाबदारी नव्या मालकाने घ्यावी. तसे नसेल तर भरपाई द्यावी, असे तत्त्व औद्योगिक विवाद कायद्यातील कलम २५-एफएफ मध्ये होते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेतही ते कायम आहे. हंगामी आणि कंत्राटी कामगार मात्र या संरक्षणाच्या कडेलाच राहतात, आणि छोट्या कारखान्यांत संख्या बहुधा त्यांचीच अधिक असते.

वाढवण बंदरामुळे या किनाऱ्याकडे आता बाहेरच्या भांडवलाचे लक्ष वेधले गेले आहे. १९९८ साली प्राधिकरणाने याच ठिकाणच्या बंदराला नकार दिला होता. ३१ जुलै २०२३ रोजी त्याच प्राधिकरणाने नव्या प्रस्तावाला परवानगी दिली आणि ३० ऑगस्ट २०२४ रोजी पायाभरणी झाली. जवाहरलाल नेहरू बंदर प्राधिकरणाचा ७४ टक्के आणि महाराष्ट्र सागरी मंडळाचा २६ टक्के वाटा असलेली कंपनी ते उभारत आहे. बंदराच्या अनुषंगाने गोदामे, वाहतूक आणि शीतगृहांच्या जागांची मागणी वाढेल, तसे जुने कारखाने आणि त्यांच्या जमिनी असलेल्या कंपन्या विकत घेण्याचे प्रस्तावही येतील.

त्या वेळी एका बाजूला वकिलांची फौज असेल आणि दुसऱ्या बाजूला आपल्या आजोबांच्या नावाचा जुना उतारा हाती घेतलेला वारली खातेदार. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ नुसार अनुसूचित जमातीच्या व्यक्तीला मोफत कायदेशीर मदत मिळण्याचा हक्क आहे. त्यासाठी उत्पन्नाच्या मर्यादेची अट नाही. अर्ज तालुका विधी सेवा समितीकडे करता येतो. दावा दाखल करण्यासाठी जसा वकील मिळतो, तसाच कागदावर अंगठा उमटविण्यापूर्वी सल्ला घेण्यासाठीही मिळू शकतो.